कळावे, आपला एक वाचक

मनोरीला टपाल पाण्यावरून येते, असे मी दादर-गिरगावातल्या मित्रांना सांगे तेव्हा त्यांना ती थट्टा वाटे. मनोरी मुंबई महापालिकेच्या हद्दीत आहे. पण मालाडहून निघालेल्या माणसाला मार्वेच्या धक्क्यावर उतरून खाडी ओलांडावी लागते. लाँचने दहा-पंधरा मिनिटे. दुसरा रस्ता भाईंदर, उत्तन, गोराई असा मोठा वळसा घालून येतो. मी इथे शिक्षक म्हणून आलो आणि इथलाच झालो. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्टमन दारात येऊन म्हणे, "मास्तर, तुमचं मासिक आलं हो." अंक कधी दमट असे, कधी एका कोपऱ्यात चुरगळलेला. सोळा पानांचे ते मासिक एका तालुक्याच्या गावातून निघत असे आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच गृहस्थ ते लिहीत. त्यांचे आणि मासिकाचे नाव इथे देत नाही. कारण पुढे कळेल.

१९८३ ते २००४ अशी एकवीस वर्षे मी प्रत्येक अंकानंतर त्यांना एक पोस्टकार्ड लिहिले. पंधरा पैशांचे कार्ड पन्नास पैशांचे झाले तोवर लिहीत होतो. वर 'स. न. वि. वि.', खाली 'कळावे, आपला एक वाचक'. कधी शुद्धलेखनाची चूक दाखवली, कधी एखाद्या लेखाशी भांडलो, कधी नुसते अंक पोचल्याचे कळवले. त्यातली काही पत्रे छापून आली, बहुतेक आली नाहीत. नंतर मी अचानक लिहिणे थांबवले. का थांबवले, ते शेवटी सांगेन. मात्र त्या थांबण्याने माझ्या मनात एक प्रश्न रुजला आणि गेली काही वर्षे मी मराठी नियतकालिकांच्या जुन्या फायली त्याच एका प्रश्नासाठी चाळतो आहे. एकट्या माणसाने चालवलेल्या नियतकालिकाशी त्याच्या पत्र लिहिणाऱ्या वाचकाचे नाते नेमके काय असते? आणि त्या नात्यात कोण कोणाचे देणे लागतो?

चारही ठिकाणी एकच नाव

नियतकालिकांच्या जुन्या वर्गणीदारांनी मार्च महिन्यात एक चौकट पाहिलेली असे. 'फॉर्म ४, नियम ८' असे तिचे शीर्षक. मुद्रक, प्रकाशक, संपादक, मालक अशी तिची कलमे. मोठ्या साप्ताहिकात तिथे निरनिराळी नावे असत. माझ्या मासिकात चारही ठिकाणी तेच नाव, तोच पत्ता. या चौकटीचे मूळ १८६७ च्या कायद्यात आहे. छापणारा आणि प्रसिद्ध करणारा कोण, कुठला, हे छापलेच पाहिजे असे त्या कायद्याने ठरवले. सरकारचा हेतू साधा होता. मजकुराबद्दल उद्या कोणाला धरायचे, ते आज माहीत असावे.

वाचकाच्या पत्राला असा नियम नाही. वाचक 'एक वाचक' म्हणून लिहू शकतो, आद्याक्षरांवर लिहू शकतो, टोपणनावाने लिहू शकतो. संपादकाचे नाव चार वेळा आणि वाचकाचे एकदाही नाही, ही असमानता नियतकालिकांच्या जन्मापासूनची आहे. तिचा उपयोग कोणी कसा केला, हे पाहताना मला तीन प्रकारचे वाचक भेटले: लिहिणारा, उत्तर देणारी आणि विचारणारा.

लिहिणारा

बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. त्यानंतर नऊ वर्षांनी, १८४१ मध्ये, गोविंद विठ्ठल कुंटे ऊर्फ भाऊ महाजन यांनी मुंबईत 'प्रभाकर' सुरू केले. या साप्ताहिकाकडे १८४८ साली एका पंचवीस वर्षांच्या तरुणाची पत्रे येऊ लागली. तरुण सरकारी नोकरीत होता, त्यामुळे खरे नाव घालण्याची सोय नव्हती. 'लोकहितवादी' या नावाने गोपाळ हरी देशमुखांनी १८५० पर्यंत लिहिलेली १०८ पत्रे आपण आज 'शतपत्रे' म्हणून ओळखतो.

शतपत्रे आपल्यापुढे पुस्तक होऊन येतात, अभ्यासक्रमात येतात. त्यामुळे ती मुळात दुसऱ्याच्या पत्रात छापलेली पत्रे होती, हे सहज विसरले जाते. ब्राह्मणांच्या पोकळ विद्येवर, स्त्रियांच्या स्थितीवर, आळसावर आणि अंधश्रद्धेवर त्यांत जे कोरडे ओढले होते, त्याने दुखावलेला वर्ग हाच त्या काळी वर्तमानपत्र विकत घेणारा वर्ग होता. अशा एका माणसाला आठवड्यामागून आठवडा जागा देत राहणे, हा भाऊ महाजनांचा निर्णय होता. लेखकाचे नाव झाकलेले आणि संपादकाचे उघडे. लोकहितवादींच्या धैर्याबद्दल आपण पुष्कळ लिहितो. भाऊ महाजनांच्या धैर्याबद्दल फारच थोडे.

उत्तर देणारी

१ जुलै १८७९ रोजी भारतात पोस्टकार्ड आले. किंमत पाव आणा. लिफाफा, कागद, लाख यांची कटकट नाही, लिहायचे थोडके आणि तेही उघडे. नियतकालिकाला पत्र लिहिणे यानंतर सामान्य ऐपतीच्या माणसाच्या आवाक्यात आले. तेव्हा पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' चालू होती. १८७४ ते १८८१ या काळात तिचे ८४ अंक निघाले आणि ते जवळजवळ एकहाती होते. एका माणसाच्या आवाजासाठी वर्गणी भरायची, ही सवय मराठी वाचकाला 'माले'ने लावली. तो आवाज पटो वा न पटो, पुढच्या महिन्यात तो काय म्हणतो याची वाट पाहायची.

पण वाचकाला जे म्हणायचे असते ते प्रत्येक वेळी कार्डावर मावत नाही. १८८१ साली सुरतेतल्या विजयालक्ष्मी या विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. पुढे ती बदलून काळ्या पाण्याची करण्यात आली. या निमित्ताने वर्तमानपत्रांतून स्त्रियांच्या बदफैलीपणावर लेख झडू लागले. ते बुलढाण्यात वाचणाऱ्या एका बाईंचा संताप अनावर झाला. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तकच छापले. पुस्तकाचा आवेश आणि त्यातली समोर उभे करून जाब विचारण्याची रीत पाहिली म्हणजे ते काय आहे हे लक्षात येते. ते संपादकांना लिहिलेले, कोणत्याही रकान्यात न मावणारे पत्र आहे.

जोतीराव फुल्यांनी त्या पुस्तकाची बाजू घेतली. बाकी बहुतेकांनी त्याकडे पाठ फिरवली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, म्हणजे मध्ये ९३ वर्षे गेली. लोकहितवादींना भाऊ महाजन मिळाले. ताराबाईंना असा संपादक मिळाला नाही. दोघांच्या पुढच्या नशिबात जो फरक पडला, त्यात याचाही वाटा आहे असे मला वाटते.

विचारणारा

तिसरा वाचक मला सर्वांत जवळचा, आणि त्याची गोष्ट सर्वांत अवघड.

१९२७ या एका वर्षात मुंबईत दोन नियतकालिके निघाली. ३ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे पाक्षिक 'बहिष्कृत भारत', आणि जुलैमध्ये रघुनाथ धोंडो कर्वे यांचे मासिक 'समाजस्वास्थ्य'. विषय निराळे, वाचक निराळे. पण दोन्हींची घडण एकच होती. दोन्हींचा भार एकेका माणसावर होता.

आंबेडकरांनी तर ते आपल्या वाचकांना स्पष्ट सांगितले. पाक्षिकाचे २४-२४ रकाने एकट्याला भरावे लागतात, पैसा नाही, हाताखाली माणूस नाही. हे सांगताना त्यांनी लेखाच्या शीर्षकातच 'ऋण' हा शब्द वापरला. 'बहिष्कृत भारता'चे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय, असे त्यांनी विचारले. वाचक आणि नियतकालिक यांच्या संबंधाला वर्गणीच्या पलीकडचे काही देणे असते, हे मराठीत इतक्या उघडपणे कोणी मांडल्याचे मी दुसरीकडे वाचलेले नाही. नोव्हेंबर १९२९ मध्ये ते पाक्षिक बंद पडले.

कर्वे हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, आणि या प्रचारापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी त्यांना सोडावी लागली. त्यांनी आणि मालतीबाईंनी स्वतःला मूल होऊ द्यायचे नाही असे ठरवले होते आणि ते पाळले. ज्या समाजात नवरा-बायको एकमेकांशीही या विषयावर बोलत नसत, त्या समाजात त्यांनी या विषयाचे मासिक काढले आणि ते २६ वर्षे चालवले. मुखपृष्ठावर स्त्रीचे नग्न चित्र असे. वाचक ते मासिक घरात कसे आणत असतील आणि कुठे ठेवत असतील, याचा विचार केला तरी त्याच्या वर्गणीदारांबद्दल आदर वाटतो.

या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना कर्वे उत्तरे देत. माझ्या दृष्टीने तो त्यातला सर्वांत मोलाचा भाग. डॉक्टरला विचारता येत नाही, वडिलांना विचारता येत नाही, मित्राला विचारले तर तो हसेल, असे प्रश्न लोक टपालाने पाठवत. कर्वे सडेतोड, कोरड्या भाषेत उत्तर देत. उपदेश नाही, लाजणे नाही.

पहिला खटला १९३१ मधला. 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखाबद्दल त्यांना १०० रुपये दंड झाला. दुसऱ्या खटल्याचे मूळ वाचकांच्या पत्रांत होते. १९३३ च्या अखेरच्या अंकात वाचकांनी हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी उत्तरे छापली होती. ही उत्तरे अश्लील ठरवून १९३४ च्या फेब्रुवारीत त्यांना अटक झाली. विचारणाऱ्यावर खटला झाला नाही; उत्तर देणाऱ्यावर झाला.

कर्व्यांचे वकीलपत्र आंबेडकरांनी घेतले. गोलमेज परिषदा आणि १९३२ चा पुणे करार नुकताच मागे पडला होता. डोक्यावर साऱ्या समाजाचा भार होता आणि या खटल्याने त्यांच्या पदरात लोकप्रियता पडण्याची शक्यता मुळीच नव्हती. तरी ते उभे राहिले. एकट्याने रकाने भरणारा माणूस काय सोसतो, हे त्यांना दुसऱ्याने सांगायला नको होते, हेही त्यामागचे एक कारण असावे असे मी मानतो.

न्यायालयातला वाद आजही वाचण्यासारखा आहे. सरकारपक्षाच्या म्हणण्याचा रोख असा, की असे विकृत प्रश्न छापायचेच कशाला आणि त्यांना उत्तरे द्यायचीच कशाला? आंबेडकरांचा मुद्दा थोडक्यात असा होता: मासिकाचा हेतू लैंगिक ज्ञानाचा आहे. वाचक प्रश्न विचारतो कारण त्याला ज्ञान हवे आहे. विषय कामजीवनाचा आहे एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही. आणि विकृती असेलच, तर ती ज्ञानाशिवाय दुसऱ्या कशाने जाणार? समलिंगी आकर्षणाबद्दल बोलताना त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांचा आधार घेतला. हे वर्ष १९३४ होते, हे लक्षात ठेवून वाचावे.

खटला ते हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. मासिक मात्र बंद पडले नाही. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे गेले, तोवर ते निघत राहिले.

उत्तर छापायचे कशाला?

सरकारपक्षाच्या प्रश्नाचा एक भाग मात्र मला बराच काळ सतावत होता. खासगी प्रश्नाला खासगी उत्तर का नको? वाचकाने पत्ता दिला असेल तर पाकीट पाठवता आले असते. पाकिटातले उत्तर कोणाच्या डोळ्यांवर आले नसते, दंड झाला नसता, मासिकाच्या तुटपुंज्या पैशाला भोक पडले नसते.

फायली वाचताना हळूहळू माझ्या लक्षात आले, की छापलेले उत्तर त्या एका वाचकासाठी नसतेच. ज्याने पत्र लिहिले त्याच्यात निदान पत्र लिहिण्याइतके धैर्य होते. त्याच्या मागे तोच प्रश्न मनात घेऊन बसलेले, कार्ड विकत घेतलेले पण न टाकलेले, किंवा लिहितासुद्धा न येणारे आणि दुसऱ्याकडून वाचून घेणारे कितीतरी असतात. त्यांच्यापर्यंत पोचायला छापण्यावाचून मार्ग नाही. म्हणूनच विचारणाऱ्याचे नाव झाकायचे असते आणि प्रश्न उघडा ठेवायचा असतो.

कर्व्यांना हे पुरते कळले होते, याची एक खूण 'शारदेची पत्रे' या त्यांच्या मासिकातल्या लेखनात आहे. शारदा ही पत्रे लिहिणारी बाई म्हणजे खुद्द कर्वेच. स्त्रिया विचारत नव्हत्या, कारण विचारणे त्यांना परवडणारे नव्हते. तेव्हा संपादकानेच स्त्रीचे नाव घेऊन बोलायला सुरुवात केली. पुरुषाने बाईच्या नावाने लिहावे का, यावर आज वाद घालता येईल आणि तो घालावाही. मला त्यात एकट्या संपादकाची गरज दिसते. समोरून पत्र येत नसेल, तर ते कसे असते हे आधी दाखवावे लागते.

ताराबाईंनी पत्राचे पुस्तक केले, कारण रकाना नव्हता. कर्व्यांनी रकाना उघडला आणि त्यात पहिले पाऊल टाकायला शारदेला पाठवले. या दोन घटनांमध्ये साधारण अर्धे शतक आहे.

मनीऑर्डर

आता माझे.

२००४ साली माझी पत्नी गेली. मुलगा पुण्याला. तो म्हणे, बाबा, तिकडे एकटे काय करणार, इकडे या. मनोरीचे घर सोडवत नव्हते आणि राहवतही नव्हते. गावात मास्तर म्हणून मान होता, पण हे बोलायला कोणी नव्हते. मी त्या संपादकांना कार्डाऐवजी पहिल्यांदा पाकीट पाठवले. चार पाने लिहिली. मुलाकडे गेल्यावर माणूस पाहुणा होतो की घरचा, असे काहीसे विचारले होते. 'छापण्यासाठी नाही' असे मात्र लिहायचे राहिले. ते लिहावे लागेल, हे मनातच आले नाही.

पुढच्या अंकात 'एका वाचकास' असा मथळा आणि खाली पाऊण पान उत्तर. माझे नाव नव्हते, गावाचे नाव नव्हते. 'आपण खाडीपलीकडे राहता' एवढा एक उल्लेख होता. उत्तर चांगले होते. जायचे तर आधी वर्षातून दोनदा महिनाभर राहून पाहा, घराची किल्ली मात्र कोणाला देऊ नका, असा त्याचा सारांश. पण ते छापलेले पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लाँचमधला प्रत्येक माणूस ते वाचून आला आहे असे मला वाटू लागले. वास्तविक मनोरीत त्या मासिकाचा माझ्याशिवाय दुसरा वर्गणीदार असण्याचा संभव नव्हता. मी रागाचे पत्रसुद्धा लिहिले नाही. नुसता गप्प बसलो. वर्गणी भरत राहिलो, अंक वाचत राहिलो आणि दोन वर्षे एक अक्षर कळवले नाही. सल्ला मात्र पाळला. तो आजही पाळतो आहे. किल्ली माझ्याकडेच आहे.

२००६ मध्ये एक अंक आला. त्यात प्रकृतीच्या कारणाने मासिक बंद करत असल्याचे चार ओळींचे निवेदन होते. महिनाभराने पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला. उरलेल्या अंकांच्या वर्गणीचे चाळीस रुपये परत केले होते. मनीऑर्डरच्या तळाशी निरोपासाठी जी थोडी जागा असे, तिथे बारीक अक्षरात लिहिले होते, की आपली पत्रे थांबली, उत्तर छापल्याने दुखावला असाल तर क्षमा असावी. तोच प्रश्न आणखी तिघांनी विचारला होता.

मी धक्क्याजवळच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. ओहोटी होती, लाँच यायला वेळ होता. एकवीस वर्षे मी त्या माणसाच्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या होत्या, आणि त्याने एकदा माझे नाव सांभाळून माझा प्रश्न चौघांपर्यंत पोचवला, तर मी त्याच्याशी बोलणे सोडले होते. कर्व्यांच्या खटल्याबद्दल मला तेव्हा फक्त ऐकीव माहिती होती. मार्वे, मालाड, दादर असा प्रवास करून ग्रंथालयातल्या जुन्या फायली उघडायला मी त्यानंतर लागलो.

त्याच संध्याकाळी मी कार्ड लिहिले. क्षमा मीच मागितली आणि ते चाळीस रुपये मला परत नको होते, हेही लिहिले. खाली सवयीने 'कळावे, आपला एक वाचक' लिहून गेलो, मग ते खोडून पहिल्यांदा माझे पूर्ण नाव आणि गाव घातले. त्या कार्डाला उत्तर आले नाही. मासिक बंद झाले होते. उत्तर छापायला आता जागा राहिली नव्हती.